कळकलेलं ताक

"कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलंस? कळकलं की सगळं!" सासूबाई कडाडल्या. शुभदा दचकून उठली आणि पदराआड धरलेलं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक खाली पडलं. सतरा नंबरचा फॉर्म तिनं घरात कुणालाच न सांगता भरला होता.

सासूबाईंनी पुस्तक उचललं. तासभर डोकं खाजवूनही न सुटलेल्या प्रश्नावर पेन्सिलची खूण होती. त्यांनी तो अडखळत वाचला, "आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात का ठेवू नयेत?"

शुभदाची मान आणखीच खाली गेली.

"अगं, आंबट पितळेला खातं. तो हिरवा कळक ताकात उतरतो. मध्ये कल्हई असली की नाही उतरत. लिही!"

तिनं लिहिलं. सासूबाईंनी कणकेची परात स्वतःकडे ओढली.

"पोळ्या मी लाटते. तू पुढचा वाच."