डबा आणि चावी

कमलाकरांनी गुणवंतच्या कानाखाली मारली, तेव्हा शेजारच्या शेडमधलं वेल्डिंग थांबलंसुद्धा नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत असल्या आवाजाला कोणी मान वळवत नाही.

"या गाडीच्या पैशात मी बंगला बांधला असता," ते म्हणाले. "आणि तू मला नागपूरला जा म्हणतोस?"

"मी नाही म्हणून राह्यलो, साहेब. पार्टच तिकडं भेटते." गुणवंतनं गालाला हात लावला नाही.

काळी इलेक्ट्रिक गाडी शेडच्या मधोमध एका बाजूला कलून उभी होती. पहिल्या पावसाळ्यानंतर तिच्या दाराचे हँडल आतच अडकायला लागले. मग मागचं एअर सस्पेन्शन गळालं. नंतर चार्जिंग मध्येच तुटायचं. आणि परवा समोरचा पडदा काळा झाला, तो झालाच. पडद्यामागे वहीएवढा एक डबा असतो. दारं, ब्रेक, चार्जिंग, सगळी गाडी त्याचंच ऐकते. तो दुरुस्त होत नाही, नवा घ्यावा लागतो, असं कंपनीनं नागपूरहून कळवलं होतं. किंमत सहा लाख, थांबायचं दोन महिने. आत पाणी शिरल्यामुळे वॉरंटी नाही.

कमलाकरांना गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवी होती. स्पृहाच्या लग्नाचं सीमांतपूजन होतं. हल्ली ते हॉलच्या दारातच उरकतात. कमलाकरांना ते खऱ्या शिवेवर करायचं होतं, कळंब रस्त्याला. नागपूरहून येणाऱ्या नवरदेवाला तिथं ओवाळायचं आणि आपल्या गाडीत बसवून घरी आणायचं. हे त्यांनी कोर्टातल्या सगळ्या वकिलांना सांगून ठेवलं होतं.

फोन वाजला. रत्नप्रभा होत्या.

"अहो, क्षितिजरावांसाठी दुसरी गाडी सांगून ठेवू का?"

"जावई माझ्याच गाडीत बसेल," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

गुणवंत खाली बघत बोलला, "जुना डबा चालते. पण चालू गाडीतला पाहिजे. अन् चावीबी त्याच गाडीची लागते. दोघं एकमेकाले ओळखतात."

"मग आण."

"कुठून आणू, साहेब? ही गाडी काय आठवडी बाजारात भेटते?"

"ते मला सांगू नकोस. जे मला माहीत नाही, ते मला कोर्टात लपवावं लागत नाही." कमलाकर बाहेर पडता पडता थांबले. "तुझा जामीन कोणी करून दिला, आठवतं ना? तो रद्दही होतो."

ते गेल्यावर गुणवंतचा साथीदार नितेश हसला. "बुढ्याचा हात मोठा वजनदार आहे बे. ब्रेकची एक वायर ढिली सोडून दे. शिवेपर्यंत पोचतच नाही."

"चूप बस. गाडी बिघडली त मलेच बोलावतीन."

सकाळी कळंबच्या पुढं, जिथं दोन्हीकडं कपाशीची पऱ्हाटी उभी होती, नितेश रस्त्यात आडवा पडला. मोटरसायकल अंगावर घेतली होती. एक ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेला. एक जीप थांबलीच नाही. गुणवंत शेताच्या धुऱ्यामागं, बांधाआड बसून नागपूरकडून येणाऱ्या गाड्या बघत होता. उन्हं तापली तेव्हा हवी तशी एक गाडी आली. पांढरी.

ती थांबली. चालवणारा एकटाच होता. तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला, गुडघ्यांवर बसला आणि नितेशच्या पायावरून मोटरसायकल उचलू लागला.

"फार लागलं का हो, दादा?"

गुणवंतनं मागून पाना घातला. माणूस तोंडावर पडला, पण शुद्धीत होता. त्यानं खिशावर हात घट्ट धरला. गुणवंतनं त्या हातावर पाना घातला. बोटं मोडल्याचा आवाज नितेशलाही ऐकू आला. तरी हात सुटला नाही. मग नितेशनं त्याच्या बरगडीत लाथ घातली, पुन्हा घातली, आणि चावी बाहेर आली.

"गाडी घेऊन जा," माणूस म्हणाला. तोंडातून रक्त येत होतं. "मी कोणाला काही सांगत नाही. मला फक्त फोन करू द्या."

"यानं आपलं थोबाड पाह्यलं," नितेश म्हणाला.

गुणवंतनं पाना पुन्हा उचलला. नंतर त्यांनी त्याला पाय धरून पऱ्हाटीत ओढत नेलं.

"मेला का बे?"

"कायले पाहतं? चाल."

दुपारी शेडचं शटर आतून बंद होतं. पांढऱ्या गाडीतला डबा काळीत बसला. सस्पेन्शनमध्ये हवा भरली आणि गाडी सरळ झाली. चावी जवळ नेली की दारांचे हँडल आपोआप बाहेर येत होते. ऊन उतरताना गुणवंतनं गाडी कमलाकरांच्या दारात लावली. दुखणारा खांदा चोळत त्यानं चावी त्यांच्या हातात दिली.

"येताना पडदा लागलाच नाही, तेवढं काम बाकी आहे. लग्न झाल्यावर करून देतो."

"बघ, जमलं की नाही?" कमलाकरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "उगाच नागपूर नागपूर करत होतास. उद्या जेवायला ये."

शेजारचे गच्चीवरून बघत होते. रत्नप्रभा पूजेचं ताट सांभाळत पुढच्या सीटवर बसल्या. स्पृहा मेंदीचे हात वर धरून फाटकाशी उभी होती.

"बाबा, सावकाश जा. आणि त्याला तिथं फार वेळ उभं करू नका."

"आता त्याची काळजी मला," कमलाकर म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पडदा निळा झाला. मग एक मऊ, आर्जवी आवाज आला, उघड्या काचेतून फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढा.

"क्षितिज, तुम्ही स्पृहाच्या घरी पोहोचला आहात."