बिनआवाजाचा कॅमेरा

"शटरच काढून टाकलं म्हणते! मंग त्याले कॅमेरा काऊन म्हणायचं?" उद्धवकाकांनी चहाचा कप टेबलावर आपटला.

"अफवा आहे ते, काका," देवेश मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "अन् काढलं असन तरी काय बिघडलं? खटखट नाही, धक्का नाही. अन् लेन्स पाह्यली काय? समईच्या उजेडात पापणीचा केस दिसते."

"पापणी दिसन. पण खटका वाजल्याबिगर फोटो निघाल्यासारखा वाटते काय बे?"

खामगावातल्या शेखरच्या स्टुडिओत महिनाभर हेच चाललं होतं. आत आरसा नसलेला नवा मिररलेस कॅमेरा आणि त्याची लेन्स आज संध्याकाळी जगापुढे येणार होती. देवेश लग्नाचे व्हिडिओ करायचा, त्याला ती कधी एकदा हातात येते असं झालं होतं. उद्धवकाकांनी शेखरला फोटोग्राफी शिकवली होती, त्यांना त्यातलं काहीच पटत नव्हतं.

शेखर या वादात पडत नव्हता. त्याला एकच गोष्ट हवी होती. आवाज नको.

भिंतीवर त्याने टांगलेले सगळे फोटो दत्तमंदिरातल्या कीर्तनाचे होते, पण त्यात कीर्तनकार सत्यभामाबाई, सगळ्यांच्या माई, कुठेच नव्हत्या. होते ते ऐकणारे. माईंनी आख्यानात लेकराला निरोप देणारी आई उंबऱ्यात उभी केली, की मंडपातली चुळबुळ थांबते. झांज थांबते, पेटी नुसता सूर धरून राहते. माई कुजबुजल्यासारखं बोलतात आणि ते शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचतं. शेखर तोवर कॅमेऱ्याला हातही लावत नसे. समोरच्या एखाद्या चेहऱ्यावर डोळे भरून आले, की मगच बोट दाबायचा.

त्या शांततेत शटर खाडकन वाजायचं. मागच्या उत्सवात मंदिराचा कारभार पाहणारे भगवंतराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "शेखर, लोकांची समाधी लागलेली असते अन् तू खटकन मोडतोस. पुढच्या साली बिनआवाजाचं यंत्र आण, नाहीतर बाहेर बसून ऐक." शेखरला ते फार लागलं होतं. माईंच्या कीर्तनाला आपलीच अडचण व्हावी!

दारात चप्पल वाजली. पेटीवाली जयमाला माईंना कोपराशी धरून पायरी चढवत होती. उत्सवाच्या पत्रिकेसाठी माईंचा फोटो काढायचा होता.

"कोण कोण भांडून राह्यलं रे?" माईंनी आवाजाच्या दिशेने हसून विचारलं.

"कॅमेऱ्यावरून भांडतो आहो, माई," उद्धवकाका उठून म्हणाले. "तुम्ही बसा."

माईंनी हाताने स्टूल चाचपलं आणि बसल्या. शेखरने दिवे लावले, जुना कॅमेरा डोळ्याला लावला. पण त्याच्याच्याने राहवेना.

"माई, यंदापासून तुमच्या कीर्तनात माह्या खटक्याचा त्रास नाही होणार. नवीन कॅमेरा घेतो आहो. आवाजच नाही त्याले. मी फोटो काढला, हे तुमाले समजणारबी नाही."

माईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. शेखरला ते भिंगातून अगदी जवळून दिसलं.

"समजणारच नाही?"

"नाही जी."

त्यांनी बाजूला जयमालाला चाचपलं. मग म्हणाल्या, "जयमाले, सांगू काय याले?"

जयमालाने त्यांचा हात हातात घेतला.

"काचबिंदू आहे, बापा. समोर नुसतं धुकं असते. कोणाले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकायनं मायेनंच मले घरी बसवलं असतं." माईंनी पदर सारखा केला. "लोक हसले तर मले ऐकू येते. गजर केला तर ऐकू येते. पण रडलेलं ऐकू येत नाही रे, शेखर. आई उंबऱ्यात उभी राह्यते, सारा मंडप चुप होते. लोक माह्यासंग आहेत का पेंगून राह्यले, मले काय समजणार? तवा तुह्या कॅमेऱ्याचा खटका वाजते. डोळे भरल्याबिगर तू बटण दाबत नाही, हे जयमालेनं सांगितलं आहे मले. मी मनात म्हणते, भरले कोणाचे तरी डोळे. पोचवलं देवानं. मंग पुढचा शब्द तोंडातून निघते."

उद्धवकाकांनी भिंतीवरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. देवेशचा मोबाइल हातातच राहिला.

तेवढ्यात त्यावर अनावरणाचा कार्यक्रम सुरू झाला. काळ्या शर्टातल्या माणसाने नवा कॅमेरा उचलला, त्याला ती लेन्स लावली आणि बटण दाबलं. पडद्यावर फोटो उमटला. एका म्हाताऱ्या माणसाचा चेहरा, सुरकुती न् सुरकुती जिवंत. आवाज मात्र काहीच आला नाही.

"खरंच काढलं शटर," उद्धवकाका हळूच म्हणाले. आज त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

शेखरने कॅमेरा खाली ठेवला. "राहू दे, देवेश. आपला जुनाच बरा."

"थांब ना बे, तो आणखी काही सांगून राह्यला." देवेशने मोबाइल कानाशी नेला. "शटर आहे म्हणते! ज्याले आवाज नको, त्याले बंद करता येते. ज्याले पाह्यजे, त्यानं चालू ठेवायचा. आता वाजवून दाखवते."

त्याने आवाज पूर्ण वाढवला आणि मोबाइल टेबलावर ठेवला. सगळे वाकले. पण पडद्याकडे कोणीच पाहत नव्हतं.

खटक्.

माईंनी मान वळवली. चेहरा उजळला.

"कोणाचे डोळे भरले रे?"

शेखरने बाहीने तोंड पुसलं.

"माहे, माई."