कमजोर फूट

द्राक्षबागेतल्या प्रशिक्षणाचे हातमोजे मोनालीनं दुपारीच उतरवून परत दिले होते. एका जाणत्या बागायतदाराच्या हातातली सगळी कला त्या मोज्यांनी तिच्या बोटांत उतरवली होती. वेलीवरची जोमदार फूट राखायची, कमजोर खुडून टाकायची.

संध्याकाळी तिनं पाळण्यातल्या बाळाची मूठ कौतुकानं उघडली. तिची बोटं त्या इवल्या बोटांवरून एकेक चाचपत गेली, करंगळीपाशी थांबली आणि तिला चिमटीत धरून पिरगाळू लागली. बाळ किंचाळलं. मोनालीनं हिसडा देऊन हात मागं ओढला.

नवरा हसतच आत आला. "अगं, प्रशिक्षणाच्या मॅडम खूश आहेत तुझ्यावर! म्हणाल्या, हिचे हात आता जन्मात विसरायचे नाहीत."

मोनालीनं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"अहो, बाळाला उचला. आजपासून तुम्हीच घेत जा त्याला."