इडापिडेचा द्रोण

थायलंडातल्या लोय क्रथोंग सणाच्या पौर्णिमेला नदीत सोडायचा द्रोण सुदाच्या लेकीने यंदा एकटीनेच केला. केळीच्या खोडाची चकती, दुमडलेली पानं, झेंडू, बाटल्यांची झाकणं, हाताला लागेल ते. "अन् पानाखाली काय दडवलंयस गं?" सुदाने विचारलं. लेकीने पान उचललं. खाली काळाभोर गुंता होता. सुदाचेच केस, रोज उशीवरून वेचलेले. "आजी म्हणते, एक केस सोडला की इडापिडा वाहून जाते. मी तुझे सगळेच घातलेत." मग आईच्या डोक्यावरचा रुमाल सरकवून हात फिरवताना ती थबकली. "आई, नवे आलेत. द्रोण तर अजून सोडलाही नाही." औषधांचा आता उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी ती गेल्या महिन्यात थांबवली होती, केस उगवले ते त्यामुळेच. सुदाने तिचा हात तसाच धरून ठेवला. "बघ ना," ती म्हणाली, "किती लवकर गुण आला."