नवखी

नवरा दार लावून जो गेम दिवसभर खेळायचा, तोच तिनं स्वयंपाकघरात बसून मोबाइलवर सुरू केला, खोट्या नावानं. पहिल्याच जंगलात रानडुकरानं तिला तीनदा मारलं. चौथ्यांदा एक योद्धा मदतीला धावून आला. त्याच्या डोक्यावरचं 'वादळ' हे नाव तिनं चहा द्यायला आत गेल्यावर नवऱ्याच्या स्क्रीनवर रोज वाचलेलं.

"घाबरू नका, सुरुवातीला सगळेच चुकतात," त्यानं लिहिलं. स्वतःची ढाल तिला दिली. ती नदी ओलांडेपर्यंत काठावर थांबला. खऱ्या रस्त्यानं चालताना तो तिच्यासाठी कधी थांबला नव्हता.

तिनं धीर करून विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"एकटाच. बायको होती, वारली."

तेवढ्यात बंद दाराआडून हाक आली, "अगं, चहा टाकतेस ना?"