बोटावरचं कुळ

दृष्टी गेली तरी प्राणिशास्त्राच्या बाई पुन्हा वर्गावर हजर झाल्या. प्राचार्य मुलांदेखतच म्हणाले, "बाई, फुलपाखरं शिकवायला डोळे लागतात हो. आता घरी आराम करा."

बाईंनी बोट पुढे केलं. "जाळीच्या पेटीतलं कुठलंही एक फुलपाखरू यावर ठेवा, सर."

त्यांनी ठेवलं.

"चारच पाय टेकलेत," बाई म्हणाल्या. "म्हणजे पुढचे दोन आखूड, कुंचल्यासारखे केसाळ आणि छातीशी दुमडलेले. हे कुंचलपाद कुळातलं."

प्राचार्यांनी वाकून पाहिलं. अगदी तसंच होतं.

"आणि रंग?" त्यांनी हट्टाने विचारलं.

"तो तुम्ही सांगा, सर. मला एक डोळस मदतनीस लागणारच आहे."