ओलं गोणपाट

आमचे हे जुन्या इमारतींना चुन्याचा गिलावा करतात. पण या बंद शाळेची भिंत हाती घेतल्यापासून ह्यांचं घरात लक्षच नाही.

आज डबा घेऊन गेले, तर हे भिंतीवर ओलं गोणपाट पांघरत होते. "चुना सावकाश वाळायला हवा गं, नाहीतर हिला तडे जातील." आणि वरून काय मायेनं हात फिरवला! माझ्या तापातसुद्धा कधी असा फिरवला नव्हता.

हे नळावर हात धुवायला गेले आणि माझं टाळकं सटकलं. जाऊ देत तडे! मी गोणपाटाला हिसका दिला. ते निघेना.

"अहो, खिळे ठोकलेत का याला?"

"छे गं! नुसतं वरून सोडलंय."

मी दोन्ही हातांनी ओढलं. तेव्हा भिंतीच्या बाजूनं कुणीतरी ते हळूच स्वतःकडे ओढून घेतलं, नवऱ्याशेजारी झोपलेली बाई पांघरूण ओढून घेते, तसं.